नाव ठरेपर्यंत काय म्हणायचे? अवर्णित प्रजातींची तात्पुरती नावे

कातळपाटी (धागाकर्ता)

आमच्या तालुक्यात निसर्गप्रेमींचे एक छोटे मंडळ आहे. गेले तीन पावसाळे आम्ही एका देवराईत आणि तिच्या वरच्या कातळावर दिसणाऱ्या प्राण्यांची नोंदवही ठेवली असून त्या नोंदींवरून साठेक पानांची पुस्तिका छापण्याचे ठरले आहे. मजकूर तयार आहे, छायाचित्रेही निवडून झाली आहेत, पण एका पालीपाशी सगळे अडले आहे.

पाल बोटभर लांबीची, बाहुली गोल असलेली आणि दिवसा खडकाच्या सावलीत वावरणारी आहे. छायाचित्र पाहून एका जाणकाराने ती निमास्पिस वंशातली असल्याचे सांगितले आणि त्यापुढे फक्त ‘एस.पी.’ असे लिहून पाठवले. दुसऱ्याने ‘सी.एफ. अंबा’ लिहिले. तिसऱ्याने मात्र ही बहुधा अद्याप वर्णन न झालेली प्रजाती असावी असे कळवले, आणि तेव्हापासून मंडळातील तरुण मुलांचा उत्साह आवरेनासा झाला आहे. देवराईची वाट आम्हाला माझ्या आजीने दाखवली होती. तिचे नाव भागीरथी होते. त्या नावाला लॅटिन शेपूट जोडून पुस्तिकेत छापून टाकावे, असा मुलांचा आग्रह आहे. मलाही तो मोह होत नाही असे नाही.

माझे प्रश्न असे आहेत. ज्या प्रजातीचे औपचारिक वर्णन झालेले नाही, तिचा उल्लेख शास्त्रज्ञ आपसांत कसा करतात? एस.पी. आणि सी.एफ. यांत नेमका फरक काय? आणि आम्ही छायाचित्राखाली काय लिहावे?

एक खुलासा आधीच करतो. मराठी विश्वकोशात जीनसला ‘प्रजाती’ आणि स्पीशीजला ‘जाती’ म्हटले आहे, तर वर्तमानपत्रांत स्पीशीजलाच ‘प्रजाती’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. येथे घोळ नको म्हणून मी जीनसला वंश आणि स्पीशीजला प्रजाती म्हणत आहे.

खवलेमोजणी

आधी पुस्तिकेचे बोलतो, कारण ती छपाईला जायच्या बेतात आहे. आजीचे नाव कृपया छापू नका.

प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि तिची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. 1999 नंतर प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही प्रजातिनामाला संहितेच्या दृष्टीने अस्तित्व मिळायचे असेल, तर ते नाव नवे असल्याचे लेखकाने स्पष्ट म्हटले पाहिजे, प्रजातीला इतरांपासून वेगळे ठरवणारी लक्षणे शब्दांत दिली पाहिजेत, आणि होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचे बांधले जाते तो नमुना, निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे हेही लिहिले पाहिजे. यातले काही नसताना नुसते नाव छापले, तर त्याला ‘नोमेन न्यूडम’ म्हणजे उघडे नाव म्हणतात. असे नाव कायद्याने नसल्यासारखेच असते, पण कागदावर राहते. पुढे कोणी तरी ते याद्यांत उतरवतो, दुसरा त्या यादीचा आधार घेतो, आणि वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी ही प्रजाती कोणती म्हणून ग्रंथालये धुंडाळत बसतो.

‘कदाचित ही नवी प्रजाती असेल, तशी असल्यास आम्ही तिला अमुक म्हणू’ अशी पळवाटही चालत नाही. 1960 नंतर अशा अटीवर सुचवलेले नाव संहिता मान्य करत नाही.

आता खुणांकडे वळतो. या पद्धतीला मुक्त नामकरण म्हणतात. संहिता तिचे नियमन करत नाही, त्यामुळे ती रूढीवर चालते आणि रूढीत ढिलाई येते. एस.पी. म्हणजे नुसते ‘प्रजाती’. वंश कळला आहे, त्यापुढचे कळलेले नाही किंवा सांगायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. छायाचित्र धूसर आहे म्हणूनही एस.पी. लिहितात आणि प्रजाती अवर्णित आहे म्हणूनही एस.पी.च लिहितात. वाचणाऱ्याला यातले काय ते कळत नाही, आणि माझी या खुणेबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

सी.एफ. हे ‘कॉन्फर’ या लॅटिन क्रियापदाचे लघुरूप असून त्याचा अर्थ ‘ताडून पाहा’ असा होतो. निमास्पिस सी.एफ. अंबा म्हणजे ही बहुधा अंबाच आहे, परंतु मूळ नमुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय मी तसे म्हणणार नाही. अॅफ. हे ‘अॅफिनिस’चे लघुरूप आहे आणि त्याचा रोख उलटा आहे. निमास्पिस अॅफ. अंबा म्हणजे ही अंबाच्या जवळची आहे, पण अंबा नव्हे. पहिल्यात संशय स्वतःच्या ओळखीबद्दल असतो, दुसऱ्यात प्रजातीच्या वेगळेपणाबद्दल दावा असतो. दोन्ही एकाच अर्थाने वापरणारे शोधनिबंध मी पाहिले आहेत, आणि असे निबंध पुन्हा वाचताना लेखकाला दूरध्वनी करण्यावाचून उपाय राहत नाही. खुणेची जागाही महत्त्वाची असते. सी.एफ. वंशनामाच्या आधी आले तर शंका वंशाबद्दलच आहे असे समजतात.

तुमच्या पालीबद्दल छायाचित्रावरून कोणीही छातीठोक बोलणार नाही, याचे कारण साधे आहे. 2016 मध्ये आंबोलीची फ्लॅविव्हेंट्रॅलिस, 2018 मध्ये लिमयेई आणि अजिजे, 2019 मध्ये अंबा आणि कोयनाएन्सिस, अशा उत्तर सह्याद्रीतल्या निमास्पिस गेल्या काही वर्षांतच वेगळ्या झाल्या आहेत. त्यांना वेगळे करणारी लक्षणे नराच्या मांड्यांखालची आणि अवस्करापुढची (अवस्कर म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेले उत्सर्गद्वार) छिद्रे, पोटावरच्या खवल्यांची आडवी संख्या, पाठीवरच्या कणीदार खवल्यांची मांडणी अशी आहेत. ती भिंगाखाली मोजावी लागतात आणि सोबत बहुधा एनडी 2 या जनुकाचा क्रम तपासतात. वरून काढलेल्या छायाचित्रात यातले जवळपास काहीच दिसत नाही.

पायवाट

मला हा सारा प्रकार अनाठायी किचकट वाटतो. स्थानिक माणसे त्या पालीला काही तरी म्हणतच असतील. ते नाव घ्यावे आणि मोकळे व्हावे. शास्त्रज्ञ मंडळी एका पालीला नाव देण्यासाठी ती मारून बाटलीत भरणार, मग वर्षानुवर्षे एस.पी. एक, एस.पी. दोन असे म्हणत बसणार, आणि तोवर त्या कातळावर खाण सुरू झालेली असणार. शिवाय ज्याला नाव नाही त्याच्या संरक्षणासाठी अर्ज तरी कोणाच्या नावाने करायचा?

शुष्कपर्ण

मी वनस्पतिसंग्रहालयात काम करते. पायवाट यांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे एक चांगले उत्तर ऑस्ट्रेलियातील संग्रहालयांनी शोधलेले आहे.

तेथे वर्णनाची वाट पाहणाऱ्या वनस्पतींची संख्या फार मोठी आहे. पूर्वी प्रत्येक संग्रहालय आपापले एस.पी. ए, एस.पी. बी असे क्रम देत असे. त्यामुळे पर्थच्या यादीतली ‘बी’ आणि अॅडलेडच्या यादीतली ‘बी’ या निराळ्या वनस्पती असत, किंवा निराळ्या अक्षरांखाली एकच वनस्पती असे. पुढे सर्वांनी मिळून एक साचा ठरवला. आधी वंशनाम, मग एस.पी., मग नमुना जेथून आणला त्या ठिकाणाचे किंवा एखाद्या ठळक लक्षणाचे नाव, आणि शेवटी कंसात संकलकाचे नाव व त्याचा संकलन क्रमांक. याला वाक्यांशनाम म्हणतात. शासनाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या याद्यांतही अशी नावे येतात, म्हणजे बारसे झाले नाही म्हणून संरक्षण अडत नाही.

या साच्यातली खरी गोम कंसातल्या क्रमांकात आहे. प्रसूतिगृहात नवजात बाळाच्या मनगटाला चिठ्ठी बांधतात आणि तिच्यावर ‘सुनंदाचे बाळ’ असे लिहिलेले असते. ते बाळाचे नाव नव्हे, पण त्या चिठ्ठीमुळे बाळ हरवत नाही, आणि बाराव्या दिवशी नाव ठेवताना ते कोणाला ठेवायचे याबद्दल वाद होत नाही. संकलन क्रमांक ही मनगटावरची चिठ्ठी आहे. एस.पी. एक, एस.पी. दोन ही नावे वाईट आहेत ती रुक्ष आहेत म्हणून नव्हे, तर त्यांना मनगट नाही म्हणून. निबंध छापल्यानंतर लेखकाचा एस.पी. दोन कोणता होता हे त्याच्या डोक्यात किंवा कपाटात राहते, आणि कपाटे रिकामी होतात.

स्थानिक नावाबद्दल माझे मत पायवाट यांच्यापेक्षा वेगळे आहे. सेरोपेजियाच्या कित्येक प्रजातींना आपण सरसकट कंदीलपुष्प किंवा खर्चुडी म्हणतो. लोकांच्या भाषेला ज्या भेदाची गरज असते तो ती नेमका टिपते, पण फुलाच्या नळीतल्या केसांवरून पडणारा भेद टिपण्याचे तिला कारण नसते. मात्र अंतिम नाव ठेवताना स्थानिक शब्द जरूर घ्यावा. जोगेश्वरीच्या एका विहिरीत 2019 मध्ये सापडलेल्या आंधळ्या माशाचे 2022 मध्ये वर्णन झाले, तेव्हा त्याला राक्थामिक्थिस मुंबा असे नाव मिळाले. विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाला 2023 मध्ये सेरोपेजिया शिवरायियाना हे नाव देण्यात आले. ठाण्यातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचे नाव आयसियस तुकारामी आहे, आणि ते शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून ठेवलेले आहे. पुरुषाच्या नावाला ई आणि स्त्रीच्या नावाला ए लागते, त्यामुळे भागीरथीआजींचे नाव पुढे कधी तरी व्यवस्थित बसेल. त्यासाठी आज घाई करण्याचे कारण नाही.

जाता जाता एक सांगते. वनस्पतींच्या बाबतीत 2011 अखेरपर्यंत नव्या प्रजातीचे वर्णन किंवा तिचे वेगळेपण सांगणारा लक्षणसंक्षेप लॅटिनमध्येच द्यावा लागे. 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीही चालते. लॅटिन लिहून देणारा कोणी मिळेना म्हणून खोळंबलेली हस्तलिखिते आमच्या पिढीने पाहिली आहेत.

काचेतला डोह

जीवशास्त्राशी माझा संबंध केवळ मत्स्यालयापुरता आहे, पण या विषयावर हौशी लोकांनी शास्त्रज्ञांच्या आधी एक तोडगा काढला होता, तो येथे नोंदवावासा वाटतो.

दक्षिण अमेरिकेतल्या चिलखती मार्जारमीनांना, म्हणजे ज्यांना आपल्याकडचे दुकानदार सरसकट प्लेको म्हणतात त्यांना, 1980 च्या दशकात युरोपात मोठी मागणी आली. ब्राझीलच्या नद्यांतून दर महिन्याला असे मासे येत की ज्यांना नावच नव्हते. व्यापारी हवे ते नाव लावून विकत. तेव्हा 1988 मध्ये ‘डाट्झ’ या जर्मन मासिकाने प्रत्येक नव्या माशाचे छायाचित्र छापून त्याला एक क्रमांक द्यायला सुरुवात केली. लोरिकॅरिइडी या कुळाच्या नावातला ‘एल’ आणि पुढे अंक, एवढेच. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा प्रसिद्ध झेब्रा प्लेको हा एल 46. शिंगू नदीतल्या या माशाचे औपचारिक वर्णन 1991 मध्ये झाले आणि त्याला हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा हे नाव मिळाले, तरी मुंबईतला मासे पाळणारा माणूस आजही दुकानात जाऊन एल 46 आहे का असेच विचारतो.

शुष्कपर्ण यांचा चिठ्ठीचा दृष्टांत वाचल्यावर या पद्धतीतले वैगुण्य माझ्या लक्षात आले. एल क्रमांक छायाचित्राला दिला गेला, नमुन्याला नव्हे. त्यामुळे एल 18, एल 81, एल 85 आणि एल 177 असे चार निरनिराळे मासे आम्ही वर्षानुवर्षे मानत आलो आणि त्यांचे भावही निराळे मोजत आलो. 2011 मध्ये बॅरिअॅन्सिस्ट्रस झॅन्थेलस या प्रजातीचे वर्णन झाले, तेव्हा हे चारही क्रमांक तिच्यातच जमा झाले. पिलाचे ठिपके मोठे, मोठ्या माशाचे ठिपके लहान, एका पट्ट्यातले मासे थोडे निराळे, एवढाच फरक होता. चार क्रमांकांचे चार मासे मी एका टाकीत हौसेने ठेवले होते. घरच्यांनी तेव्हाच म्हटले होते की हे चारही एकच दिसतात.

तरीही या पद्धतीचा एक गुण मान्य करावा लागेल. एल 46 हे नाव कोणालाही लॅटिन नाव वाटत नाही. ते तात्पुरते आहे हे त्याच्या तोंडावरच लिहिलेले आहे.

खवलेमोजणी

काचेतला डोह यांनी शेवटी म्हटले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. तात्पुरत्या नावाला दोन गोष्टी हव्यात. ते एखाद्या खऱ्या, पुन्हा काढून पाहता येईल अशा वस्तूला बांधलेले असावे, आणि ते पक्क्या नावासारखे दिसू नये. आजीच्या नावाला शेपूट जोडून छापले तर दोन्ही अटी मोडतात.

पायवाट यांनी मारण्याचा मुद्दा काढला आहे, त्याला बगल देत नाही. अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात रमण अत्रेय यांना 1995 मध्ये एक अनोळखी पक्षी दिसला. अत्रेय हे त्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ होते. तो पक्षी त्यांना पुन्हा नीट दिसायला 2005 उजाडले. म्हणजे दहा वर्षे त्या पक्ष्याला नाव तर नव्हतेच, पण त्याच्याबद्दल जाहीर बोलण्यासारखा पुरावाही नव्हता. 2006 मध्ये तो जाळ्यात आला, तेव्हा त्याची मोजमापे व छायाचित्रे घेऊन, गळलेली पिसे ठेवून घेऊन त्याला सोडून देण्यात आले, कारण इतक्या थोड्या संख्येत दिसणाऱ्या पक्ष्यातला एकही मारणे त्यांना योग्य वाटले नाही. त्याच वर्षी लिओसिक्ला बुगुनोरम हे नाव प्रसिद्ध झाले. बुगुन जमातीचा मान त्या नावात आहे. संहितेत याला वाव आहे, मात्र 2017 मध्ये तिच्यात अशी शिफारस जोडली गेली की नमुना जतन केला नसेल तर त्याची कारणे लेखकाने सविस्तर द्यावीत. पालींच्या बाबतीत पिसे नसतात आणि छिद्रे मोजावी लागतात, त्यामुळे काही नमुने घेण्याला पर्याय राहत नाही. ते परवानगीने आणि मोजकेच घेतले जातात.

उशिराबद्दलचा त्यांचा राग मात्र योग्य आहे. पहिला नमुना संग्रहात आल्यापासून वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी सुमारे 21 वर्षे जातात, असे 2012 मधल्या एका अभ्यासात आढळले होते. तात्पुरत्या नावांवर इतका खल करायचा तो यासाठीच. जे नाव एकवीस वर्षे चालवायचे आहे ते नीट ठेवायला हवे.

मादागास्करच्या बेडकांवर काम करणाऱ्यांनी याची एक शिस्तच घातली आहे. 2009 मध्ये त्यांनी तेथे 129 ते 221 नव्या प्रजाती असाव्यात असे दाखवले. एवढ्या सगळ्यांचे वर्णन एका दमात होणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी उमेदवार प्रजातींचे टप्पे पाडले. जनुकीय फरकासोबत आवाज किंवा शरीररचनेतला फरकही सिद्ध झाला असेल ती पुष्ट उमेदवार, केवळ जनुकीय फरक दिसतो आणि बाकीची माहिती नाही ती अपुष्ट उमेदवार, आणि जनुकीय फरक मोठा असूनही बाकी सारे सारखेच निघाले तर ती एकाच प्रजातीतली खोल शाखा. आपल्याकडे जनुकक्रमात थोडा फरक दिसला की लगेच नव्या प्रजातीची बातमी होते, त्यामुळे हे टप्पे आपल्या प्रयोगशाळांच्या भिंतीवर टांगून ठेवावेत असे मला वाटते.

संत्राबाग

मी अमरावती जिल्ह्यातला बागायतदार आहे. धागा वाचत होतो म्हणून एक शंका विचारतो. आमच्या संत्र्यावर ग्रीनिंग नावाचा रोग येतो आणि सिट्रस सायला ही कीड तो पसरवते. माहितीपत्रकात त्या जिवाणूच्या नावाआधी नेहमी ‘कॅन्डिडेटस’ असा शब्द छापलेला असतो. इतकी वर्षे तो रोग आमच्या बागा मोडतो आहे, तरी जिवाणू अजून उमेदवारच कसा?

जिवाणूघर

आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. कॅन्डिडेटस म्हणजे उमेदवारच. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस शुभ्र झगा घालून फिरे, आणि लॅटिनमध्ये शुभ्र याला ‘कॅन्डिडस’ म्हणतात. निवडणूक जवळ आली की आपल्याकडेही तेच दिसते, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

जिवाणूंच्या नामकरणाचे नियम प्राण्यांपेक्षा निराळे आहेत. येथे बाटलीतला मृत नमुना चालत नाही. जिवाणूचे शुद्ध आणि जिवंत संवर्धन करून, म्हणजे तो एकटाच प्रयोगशाळेत वाढवून, ते दोन वेगवेगळ्या देशांतल्या संवर्धन-संग्रहांत ठेवावे लागते, म्हणजे कोणालाही ते मागवून तपासता येईल. असे संग्रह पुण्यातही आहेत. अडचण अशी की निसर्गातले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेच्या थाळीत वाढतच नाहीत. ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या रसवाहिन्यांत आणि सायलाच्या शरीरात सुखाने राहतो, पण त्याला एकट्याला बाहेर काढून त्याचे शुद्ध संवर्धन टिकवणे आजवर साधलेले नाही. मग तो आहे हे तर दिसते, त्याचा संपूर्ण जनुकक्रम वाचलेला आहे, आणि तरी नियमांनुसार त्याला पक्के नाव देता येत नाही.

या कोंडीवर 1994 च्या सुमारास कॅन्डिडेटस हा मार्ग निघाला आणि ग्रीनिंगचा जिवाणू त्याच्या अगदी पहिल्या लाभार्थ्यांपैकी आहे. त्याचे पूर्ण नाव कॅन्डिडेटस लायबेरिबॅक्टर एशियाटिकस. गंमत अशी की त्याच वंशातला लायबेरिबॅक्टर क्रेसेन्स हा पपईच्या जातभाई असलेल्या एका झाडातून वेगळा करता आला, थाळीत वाढला, आणि 2014 मध्ये त्याला रीतसर नाव मिळाले. त्याने संत्र्याला ग्रीनिंग होत नाही. म्हणजे जो बागा मोडतो तो उमेदवार राहिला आणि जो निरुपद्रवी तो निवडून आला. वांग्यावरचा पर्णगुच्छ आणि उसाची गवताळ वाढ यांना कारण असलेले फायटोप्लाझ्मा नावाचे जिवाणूही अशाच उमेदवारांच्या रांगेत उभे आहेत.

2022 मध्ये सीककोड नावाची एक स्वतंत्र संहिता आली. तिने संवर्धनाऐवजी जनुकक्रमालाच नावाचा आधार मानले आहे. जुन्या मंडळींना ते पटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की संगणकातला क्रम कोणी हातात घेऊन पुन्हा तपासू शकत नाही. मी स्वतः थाळ्या ओतण्यात आयुष्य घालवले आहे, तरी या बाबतीत मला नव्या संहितेची बाजू अधिक पटते, कारण जे कधीच थाळीत येणार नाही त्याला कायम उमेदवार ठेवण्याने शेतकऱ्याचे किंवा शास्त्राचे काही भले होत नाही.

पायवाट

मारण्याबद्दलचा माझा आक्षेप बुगुन पक्ष्याच्या हकिकतीने सौम्य झाला, हे मान्य करतो. एक शंका उरते. आता साऱ्यांचे जनुकक्रम वाचता येतात, तर संगणकानेच प्रत्येकाला क्रमांक द्यावा. मग एस.पी., सी.एफ. हे सारे हवे कशाला?

खवलेमोजणी

तसे क्रमांक आहेत. बोल्ड नावाच्या जागतिक संग्रहात प्राण्यांच्या सीओआय जनुकाच्या सुमारे 658 अक्षरांच्या तुकड्यांचे साम्यानुसार गट पाडले जातात आणि 2013 पासून प्रत्येक गटाला बिन हा कायमचा क्रमांक मिळतो. कीटकांच्या कामात त्याचा अतिशय उपयोग होतो. परंतु बिन हा जमिनीच्या गट क्रमांकासारखा आहे. तो तुकडा कोणता ते सांगतो, मालकी ठरवत नाही. दोन खऱ्या प्रजाती अलीकडेच वेगळ्या झाल्या असतील तर त्या एकाच बिनमध्ये पडतात, आणि एकच प्रजाती दोन खोऱ्यांत फार काळ विभागून राहिली असेल तर तिला दोन बिन मिळतात. निमास्पिसमध्ये तर बहुतेक काम एनडी 2 वर झालेले असल्यामुळे बिनचा आधार तुटपुंजाच पडतो.

माणसाच्या बाबतीतही काय झाले ते पाहा. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या हाडावरून 2010 मध्ये एक निराळा मानवगट ओळखला गेला. त्याचा जनुकसंच आपल्या हाती होता, पण शरीररचनेचे वर्णन करण्याजोगे अवशेष नव्हते, म्हणून शोध लावणाऱ्यांनी घाईने प्रजातिनाम दिले नाही आणि गुहेच्या नावावरून डेनिसोव्हन एवढेच म्हटले गेले. 2021 मध्ये चीनच्या हार्बिन येथील कवटीला होमो लाँगी हे नाव देण्यात आले, आणि 2025 मध्ये त्याच कवटीतली प्रथिने आणि डीएनए डेनिसोव्हनांशी जुळले. ही स्वतंत्र प्रजाती मानावी की नाही हा वाद चालू आहे, पण मानली तर कोणते नाव लागू होईल याचा मार्ग आता मोकळा आहे. मधल्या पंधरा वर्षांत गुहेच्या नावाने कोणाचेच अडले नाही.

कातळपाटी, आता तुमच्या पुस्तिकेसाठी एक गंभीर सूचना. ऑस्ट्रेलियाचा साचा उत्तम असला तरी त्यात ठिकाणाचे नाव येते. दक्षिण चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचे वर्णन 1999 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ते वाचून मूळ ठिकाणची पाल जवळपास संपवली. लाओसमधल्या एका सॅलॅमँडरवर 2002 मधल्या वर्णनानंतर हीच पाळी आली. तुमची पाल एका देवराईपुरतीच असेल तर गावाचे नाव छापणे धोक्याचे आहे. तालुका किंवा डोंगररांग एवढे पुरे. अक्षांश-रेखांश नोंदवहीत ठेवा.

शुष्कपर्ण

याला दुजोरा देते. कंदीलपुष्पांचे कंद उकरून नेणारे लोक यादी वाचूनच येतात.

कायद्याचे एक कलमही ध्यानात असू द्यावे. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार भारतात कोणालाही नवी प्रजाती सापडली, तर तिची माहिती नियुक्त संग्रहालयाला कळवून तिचा नमुना तेथे ठेवावा लागतो. तुम्ही स्वतः पाल पकडू नका. त्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. पण तुमच्या नोंदवहीतल्या प्रत्येक नोंदीला आजच एक क्रमांक द्या आणि मूळ छायाचित्रांच्या फाइलींनाही तोच क्रमांक द्या. उद्या कोणी संशोधक रीतसर नमुना घेऊन गेला, तर तुमच्या तीन पावसाळ्यांच्या नोंदी त्या नमुन्याशी जोडता येतील.

कातळपाटी (धागाकर्ता)

सर्वांचा ऋणी आहे. काल रात्री मंडळाची बैठक झाली आणि मुलांना हा धागा वाचून दाखवला. नोमेन न्यूडमचे मराठी ऐकून बरीच हसाहशी झाली. त्यानंतर आजीचे नाव आपोआपच मागे पडले.

पान 34 वरच्या छायाचित्राखाली आता असे छापायचे ठरले आहे: ‘निमास्पिस एस.पी., शाहूवाडी तालुका, नोंद क्रमांक 117. निमास्पिस अंबाशी साम्य दिसते, नमुना तपासलेला नाही.’ सी.एफ. लिहावे असा माझा विचार होता, पण ताडून पाहण्याची पात्रता आमच्यापैकी कोणाचीच नाही, म्हणून तेच मराठीत सरळ लिहिले. देवराईचे नाव पुस्तिकेतून पूर्णपणे काढले आहे. त्यामुळे प्रस्तावनेतले आजीवरचे दोन परिच्छेदही पुन्हा लिहावे लागत आहेत, कारण त्यांतून वाट कळत होती.

खवलेमोजणी, नोंद क्रमांक 117 च्या मूळ फाइली आणि ठिकाण आपणास खासगी निरोपातून पाठवले आहे. त्यांत एका नराचे छायाचित्र काचेच्या खालून काढलेले आहे. मांडीखालची छिद्रे त्यात मोजता येतात का, ते सवडीने पाहावे.

खवलेमोजणी

पाहिले. डाव्या मांडीवरची मोजता येतात, उजवीवर सावली पडली आहे. पावसाळा सरल्यावर परवानगीचा अर्ज करीन, तेव्हा वाट दाखवायला आपल्यापैकी कोणी तरी सोबत लागेल.